घाटातला फॉर्म दुसऱ्या चढाला कळतो

वाचक विचारतात : सायकल

प्रश्न : बाई, नमस्कार. २०२५ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीवरून आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. मेहुणे म्हणतात, विंगेगार्ड संपला. ओताकामच्या घाटात पोगाचार त्याला सोडून गेला, तिथंच विषय मिटला. मी म्हणतो, तो एक वाईट दिवस होता, गडी फॉर्मातच होता. सणावारी एका पंगतीत बसलो तरी हेच चालतं. निकाल तुम्ही द्या, दोघांनीही तो मान्य करायचं ठरलंय. (जुळे सोलापूर)

उत्तर : निकाल देते, पण आधी हिशेब मांडू. एकवीस टप्प्यांची, तीन आठवड्यांची ही स्पर्धा पॅरिसला संपली तेव्हा सगळ्या टप्प्यांच्या वेळा मिळून तादेय पोगाचार पहिला होता आणि योनास विंगेगार्ड त्याच्या ४ मिनिटं २४ सेकंद मागं. ही सव्वाचार मिनिटं गेली कुठं? पाचव्या टप्प्यात काँ शहरात ३३ किलोमीटरची सपाट टाइम ट्रायल होती, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लढायचं. तिथं १ मिनिट ५ सेकंद गेले. बाराव्या टप्प्यात ओताकामला २ मिनिटं १० सेकंद. दुसऱ्याच दिवशी पेराग्यूदच्या चढावरच्या टाइम ट्रायलमध्ये ३६ सेकंद. बेरीज झाली ३ मिनिटं ५१ सेकंद. बाकीच्या सगळ्या टप्प्यांत मिळून अर्ध्या मिनिटापेक्षा जरा जास्त, आणि त्यातही काही बोनस सेकंद, म्हणजे पुढं आल्याबद्दल वेळेत मिळणारी सूट.

त्यामुळे मेहुण्यांचं 'संपला' मला मान्य नाही. सोळाव्या टप्प्यात माँ व्हाँतूवर दोघांत २ सेकंदांचं अंतर पडलं. एकोणिसाव्याला ला प्लान्यच्या चढावर विंगेगार्ड दुसरा आला आणि पोगाचार त्याच्या मागं तिसरा. ज्याचा फॉर्म गेलेला असतो तो तिसऱ्या आठवड्यात असा चिकटून राहूच शकत नाही. त्याची रोज थोडी थोडी घसरण होते, मग एखाद्या दिवशी वीस मिनिटं जातात आणि संघ त्याला दुसऱ्यासाठी बाटल्या आणायला लावतो. विंगेगार्डनं त्याच वर्षी सप्टेंबरात व्हुएल्ता ही स्पेनची मोठी शर्यत जिंकली, तीही जुआव आल्मेइदासारख्या तगड्या चढवीराला मागं ठेवून.

तुमचं 'एक वाईट दिवस' मात्र मला पुरतं पटत नाही. ओताकाम आणि पेराग्यूद हे लागोपाठचे दिवस होते, आणि त्याआधी काँ झालेलंच होतं. शिवाय तिसऱ्या आठवड्यात पोगाचारच्या गाठीला चार मिनिटं होती. त्याला हल्ला करायची गरजच उरली नव्हती, विंगेगार्डच्या चाकामागं राहून घाट पार केला तरी भागत होतं. म्हणून व्हाँतूवरच्या २ सेकंदांचा अर्थ दोघं सारखे होते असा काढता येत नाही. माझा निकाल असा : विंगेगार्ड चांगल्या फॉर्मात होता आणि पोगाचार त्याच्याहून चांगला होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपले चाहते तिथंच अडकतात. हरला की त्यांना फॉर्म गेलेलाच दिसतो.

आणखी एक. ओताकामच्या आदल्या दिवशी तुलूझमध्ये शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पोगाचार पडला होता. आमच्या गटातल्या मुलांनी त्या रात्री, 'उद्या हा लंगडणार,' असं ठरवूनच टाकलं होतं. उद्या त्यानं दोन मिनिटं काढली.

फॉर्म मी कसा बघते ते सांगते. रविवारी मुलांना तुळजापूरच्या घाटात नेते तेव्हा पहिल्या चढाची वेळ मी लिहूनच घेत नाही. पहाटे थंड हवेत, ताज्या पायांनी कुणीही एकदा जोर काढतो. घाट उतरा, दोन घोट पाणी प्या आणि लगेच पुन्हा चढा. त्या दुसऱ्या चढाची वेळ वहीत जाते. टूरमध्ये हाच प्रकार एकवीस टप्प्यांवर पसरलेला असतो. चार तास घाट तुडवल्यावर पाचव्या तासाला आणि सोळा दिवस पळाल्यावर सतराव्या दिवशी पायात किती उरलंय, यावर चढवीर ठरतो. ताज्या अंगानं ताकद मोजली तर पहिल्या वीस-पंचवीस जणांत फार फरक नसतो.

२०२३ ची स्पर्धा आठवा. त्या एप्रिलमध्ये लिएजच्या शर्यतीत पडून पोगाचारचं मनगट मोडलं होतं, त्यामुळे सरावाचे आठवडे बुडाले होते. दोन आठवडे तो विंगेगार्डच्या बरोबरीनं पळाला, अंतर सेकंदांत होतं. मग सोळाव्या टप्प्यातल्या २२.४ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये १ मिनिट ३८ सेकंद गेले आणि दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर ५ मिनिटं ४५ सेकंद. रेडिओवरून त्यानं संघाला कळवलं, 'मी गेलो, मी मेलो.' बुडालेल्या सरावाची वसुली अशी तिसऱ्या आठवड्यात झाली. आणि तीनच दिवसांनी विसावा टप्पा, ल मार्कस्टाइनचा, त्याच पोगाचारनं जिंकला. मेहुण्यांना हा टप्पा जरूर दाखवा.


प्रश्न : बाई, एकदा सगळ्यांसमोर कोसळलेला चढवीर मनानं पुन्हा उभा राहतो का? आमच्या कट्ट्यावर एकमतानं 'नाही' ठरलंय. (अशोक चौक)

उत्तर : कट्ट्याला सायमन येट्सची गोष्ट सांगा. २०१८ चा जिरो द'इतालिया, इटलीची टूरसारखीच मोठी शर्यत. या इंग्रज पोरानं तेरा दिवस गुलाबी जर्सी, म्हणजे जिरोतल्या आघाडीवीराची जर्सी, सांभाळली, वाटेत टप्पे जिंकले, हल्ल्यामागून हल्ले केले. बघायला फार आनंद व्हायचा. एकोणिसाव्या टप्प्यात कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट लागला. १८ किलोमीटरच्या वर लांब, माथा २१७८ मीटरवर, आणि शेवटचे आठेक किलोमीटर डांबर नाही, नुसती खडी. क्रिस फ्रूमनं शेवट ८० किलोमीटर दूर असताना तिथून एकट्यानं मुसंडी मारली आणि टप्पाही घेतला, जिरोही. येट्सनं त्या दिवशी अडतीस मिनिटांहून जास्त वेळ गमावला. त्याच्या अंगात काहीच उरलं नव्हतं.

त्यानं काय केलं? त्याच वर्षी सप्टेंबरात व्हुएल्ता जिंकली. यावेळी पहिले दोन आठवडे त्यानं स्वतःला आवरून धरलं. जिरोत जे लवकर उधळलं होतं ते इथं राखून ठेवलं.

पुढं २०२५. पुन्हा जिरो, विसावा टप्पा, पुन्हा तोच फिनेस्त्रे. गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक देल तोरोच्या अंगावर, दुसऱ्या क्रमांकावर एक्वादोरचा रिचर्ड कारापास, आणि येट्स तिसरा, १ मिनिट २१ सेकंद मागं. खडीच्या रस्त्याआधीच येट्स निघाला. मागं देल तोरो आणि कारापास एकमेकांची तोंडं बघत राहिले, पाठलागाचा भार आधी कुणी घ्यायचा यावर दोघं अडून बसले. घाट उतरल्यावर खालच्या दरीत येट्सच्या संघाचा वाउट व्हान आर्ट थांबलेला. तो सकाळपासून ब्रेकअवेमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पुढं निघून गेलेल्या टोळीत होता, नेमका याच कामासाठी. त्यानं येट्सला आपल्या चाकामागं घेतलं आणि सपाटीवर ओढून नेलं. येट्सनं जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकला.

यात मनाचा भाग मोठा आहेच. ज्या खडीवर सगळं गेलं तिथंच हल्ला करायला काळीज लागतं, आणि अंतिम रेषेवर तो ज्या तऱ्हेनं रडला ते बघून माझेही डोळे भरून आले. तरी कट्ट्यावर नुसतं मन मन करू नका. पाय होते, योजना होती, व्हान आर्ट होता, आणि मागच्या दोघांचं आपसातलं भांडण होतं. चारही गोष्टी जुळल्या.


प्रश्न : फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बघताना कोण दमलाय ते ओळखायचं कसं? मला सगळे सारखेच दिसतात. (सात रस्ता)

उत्तर : चेहऱ्यावर जाऊ नका. २०११ मध्ये तोमा व्होक्लेर दहा दिवस टूरच्या पिवळ्या, म्हणजे आघाडीवीराच्या जर्सीत होता. रोज जीभ बाहेर, तोंड वाकडं, आता पडतो की काय असं वाटायचं. शेवटी चौथा आला.

मी आधी मदतनीस मोजते. घाटाच्या पायथ्याशी नायकापुढं त्याच्या संघाची चार माणसं आहेत की एकच? समोरून वारा नसला तरी पुढच्याच्या चाकामागं राहणाऱ्याला वेग ठरवायची चिंता नसते, बाटली मिळते, पंक्चर झालं तर चाक मिळतं. मग खांदे बघा. दमलेल्या माणसाचे खांदे डोलायला लागतात, पाय फिरायचे मंदावतात, तो सारखा सीटवरून उठतो आणि बसतो. पोगाचार बऱ्याचदा बसूनच वेग वाढवतो, ती खूण मला सगळ्यात भीतीदायक वाटते. आणि खाणं बघा. ज्यानं मागच्या तासाभरात खिशात हात घातला नाही त्याच्यावर पुढच्या घाटात लक्ष ठेवा.

हल्ल्यांना उत्तर कोण देतंय हेही बघा. २०२२ मध्ये गालिबिएच्या घाटात रोग्लिच आणि विंगेगार्ड एकाच संघाचे, आळीपाळीनं हल्ले करत होते. पोगाचार प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर देत होता, कारण त्याच्याजवळ संघाचं कुणी उरलंच नव्हतं. त्या वेळी तो जबरदस्त दिसत होता. महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात उडवावा तसं ते झालं. शेवटच्या ग्रानाँ घाटात, २४१३ मीटरच्या माथ्यापर्यंत, विंगेगार्डनं त्याच्यावर २ मिनिटं ५१ सेकंद काढले आणि पिवळी जर्सी घेतली.

फ्रान्समधले संध्याकाळचे पाच म्हणजे आपले साडेआठ. घाटाचे टप्पे जेवणाच्या वेळीच रंगतात. ताट हातात घेऊन बसा, पण शेवटचा घाट सुरू होण्याआधीचा अर्धा तास चुकवू नका. या सगळ्या खुणा तेव्हाच दिसतात.


प्रश्न : पोगाचारनं २०२४ च्या टूरमध्ये प्लातो द बेयच्या घाटात पंतानीचा १९९८ चा विक्रम तीन मिनिटांहून जास्त फरकानं मोडला. पंतानी ज्या काळातला, तो उत्तेजकांचा काळ सगळ्यांना माहीत आहे. मग याच्यावर विश्वास ठेवायचा कसा? स्पष्ट बोला बाई. (होटगी रोड)

उत्तर : स्पष्टच बोलते. १९९८ च्या टूरमधले साठवलेले नमुने पुढं नव्या पद्धतीनं तपासले गेले. त्यांत ईपीओ हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलेल्यांची नावं २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालात आली आणि पंतानी त्यांत होता. ईपीओनं रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन जास्त मिळतो. घाटात नेमका तोच कमी पडतो. लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदं उत्तेजकांपायी २०१२ मध्ये काढून घेतली गेली. या खेळाच्या चाहत्यानं शंका घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. आपला विश्वास खरोखर लुटला गेला आहे.

आता २०२४ च्या त्या दिवसाबद्दल. १५.८ किलोमीटरचा घाट, सरासरी चढ ८ टक्क्यांच्या आसपास. विंगेगार्डच्या संघानं दिवसभर वेग तापता ठेवला, मॅटेओ जॉर्गनसननं पायथ्यापासून ओढलं, मग विंगेगार्ड स्वतः निघाला. पोगाचार त्याच्या चाकाला चिकटून राहिला आणि साधारण ५ किलोमीटर उरले असताना पुढं गेला. फरक १ मिनिट ८ सेकंदांचा. म्हणजे हरलेला विंगेगार्डसुद्धा पंतानीच्या वेळेपेक्षा बराच आधी वर पोचला होता. वेळ नुसत्या एका माणसाच्या पायांनी लागत नाही. पायथ्यापासून कुणीतरी सतत ओढत असेल तर ती खाली येते. पंतानीच्या काळाच्या मानानं टायर, कपडे, सायकल सगळं बदललंय. खाण्यात तर क्रांतीच झाली आहे. आता हे लोक तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात घालतात आणि पोटाला त्याची सवय महिनोन्महिने लावतात.

एवढ्यानं तीन मिनिटांचा सगळा हिशेब लागतो का? कुणी 'लागतो' असं छातीठोकपणे सांगत असेल तर मी त्याच्याकडे पुरावा मागेन, आणि 'लागत नाही' म्हणणाऱ्याकडेही. पोगाचार कधीही चाचणीत दोषी सापडलेला नाही. २००८ पासून जैविक पासपोर्ट आहे, त्यात प्रत्येकाच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षं ठेवली जाते. जोवर काही सापडत नाही तोवर मी त्याला चोर म्हणणार नाही. नमुने मात्र जपून ठेवावेत आणि दहा वर्षांनीही उघडावेत, असं माझं ठाम मत आहे.


प्रश्न : लाल ठिपक्यांची जर्सी ज्याला मिळते तोच सगळ्यात भारी चढवीर ना? (इयत्ता नववी, बार्शी)

उत्तर : नेहमी नाही. घाटमाथ्यावर जो आधी पोचतो त्याला गुण मिळतात. बऱ्याचदा सकाळीच पुढं निघून गेलेला खेळाडू वाटेतल्या घाटांचे गुण वेचतो, मागचे दिग्गज तेव्हा एकमेकांवर नजर ठेवून असतात. आपल्याकडे मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' ठरतो, तसाच हा किताब. टूरमध्ये तो १९३३ पासून आहे, ठिपक्यांची जर्सी १९७५ ला आली. रिशार व्हिराँकनं ती सात वेळा घेतली, टूर मात्र एकदाही जिंकला नाही. स्पेनच्या बाहामोंतेसनं हा किताब सहा वेळा घेतला आणि १९५९ ची टूरही जिंकली. २०२५ मध्ये पिवळी आणि ठिपक्यांची, दोन्ही पोगाचारचीच.


प्रश्न : बाई, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. सायकलवेडा. 'घाट चढायचा तर वजन कमी पाहिजे' म्हणून त्यानं दोन महिन्यांपासून रात्रीची भाकरी सोडलीये. सकाळी चहावर पन्नास किलोमीटर जाऊन येतो. विचारलं की म्हणतो, विंगेगार्ड साठ किलोचा आहे. मला काळजी वाटते. (एक आई, अक्कलकोट)

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. हे पत्र त्याला वाचायला द्या, पुढचं त्याच्यासाठीच लिहितेय.

बाळा, विंगेगार्ड साठ किलोचा आहे हे खरं. पण तो पूर्ण वाढ झालेला माणूस आहे. त्याच्यामागं डॉक्टर आहे, आहारतज्ज्ञ आहे, रोजच्या खाण्याचं माप ठेवणारी माणसं आहेत. तुझी हाडं अजून वाढतायत. या वयात हाडांना जे मिळेल ते आयुष्यभराची पुंजी होणार आहे. उपाशीपोटी रोज पन्नास किलोमीटर मारलेस तर शरीर आधी वाढ थांबवतं, मग हार्मोन कमी करतं, हाडं ठिसूळ होतात, वारंवार सर्दी-ताप येतो. आणि तुला जे हवंय तेच जातं, घाटातली ताकद. दर किलोमागं वॅट काढताना भागाकार असतो, वर पायांची ताकद आणि खाली अंगाचं वजन. खालचा आकडा कमी करायच्या नादात तू वरचा आकडा त्याहून जास्त घालवतो आहेस.

ज्यांच्याकडे बघून तू भाकरी सोडलीस ते लोक काय करतात ते वर लिहिलंय. तासाला ९० ग्रॅम म्हणजे साधारण साडेतीन केळी, आणि तेही पाच तास चालू. तुला एवढ्याची गरज नाही. निघण्याआधी अर्धी भाकरी आणि गूळ, किंवा केळं. तासाभराहून जास्त जाणार असशील तर खिशात राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. आल्यावर अर्ध्या तासात पोटभर जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वरण, दही, अंडं चालत असेल तर अंडं. आपल्या सोलापूरच्या ताटात सायकलवाल्याला लागणारं जवळजवळ सगळं आहे, फक्त ते पोटात गेलं पाहिजे. आठवड्यातून एक दिवस सायकलला हातही लावू नकोस.

घाई नको. प्रिमोझ रोग्लिच विशीपर्यंत बर्फावरच्या उड्या मारत होता, सायकलवर नंतर आला. तरी त्यानं व्हुएल्ता चार वेळा आणि जिरो एकदा जिंकला. बेल्जियमचा नामवंत सायकलपटू रेम्को एव्हनपूल तुझ्या वयाचा होता तेव्हा फुटबॉल खेळायचा. तुझ्या हाताशी भरपूर वर्षं आहेत.

ताई, महिन्याभरात तो पुन्हा नीट जेवायला लागला नाही, चिडचिड वाढली किंवा वजन उतरतच राहिलं तर त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तो रागावेल, तरी न्या.


प्रश्न : आपला मुलूख सपाट. ना सह्याद्री, ना हिमालय. सोलापूर जिल्ह्यातून घाटाचा राजा कधी निघेल का, की हे स्वप्नच सोडून द्यायचं? (मोहोळ)

उत्तर : डेन्मार्कचं सगळ्यात उंच नैसर्गिक ठिकाण जवळपास १७१ मीटर आहे. आपलं सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. म्हणजे सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहिलात तरी तुम्ही विंगेगार्डच्या देशातल्या सगळ्यात उंच टेकाडाच्या खूप वर आहात. तो तिथल्या वायव्येकडच्या वाऱ्याच्या पट्ट्यातला. व्यावसायिक होण्याआधी सकाळी मासळीच्या लिलावात काम करायचा आणि मग सायकल. त्यानं टूर दोनदा जिंकली, २०२२ आणि २०२३ मध्ये.

वारा म्हटलं की मला आपला विजापूर रोड आठवतो. समोरून वारा असताना तासभर एकाच जोरानं पाय फिरवत राहणं म्हणजे लांब घाटाचाच सराव. बसण्याची ढब वेगळी, पायांचा वेग जरा वेगळा, पण हृदय आणि फुप्फुसांना काम तेच. मधे पाय सोडून द्यायची सोय नाही, हीच त्यातली मोठी गोष्ट.

उंचीवरचा सराव मात्र इथं होणार नाही, हे मान्य करायला हवं. युरोपातले संघ तेनेरिफच्या तैदे पर्वतावर, स्पेनच्या सिएरा नेवादात, २००० मीटरच्या वर तीन-तीन आठवडे राहतात. विरळ हवेत मूत्रपिंडं ईपीओ जास्त बनवतात, हे शरीराचं स्वतःचं, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. आपल्या महाराष्ट्रात कळसूबाईचं शिखरच १६४६ मीटरवर. पण हा शेवटचा दोन-तीन टक्क्यांचा खेळ आहे. आपली मुलं तिथवर पोचण्याआधी फार मोठा पल्ला बाकी आहे आणि तो सपाटीवर पार करता येतो.

उलट एक गोष्ट आपल्याकडे फुकट आहे ती म्हणजे ऊन. उन्हाची सवय झाली की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, हृदयावरचा ताण कमी होतो. युरोपातले खेळाडू त्यासाठी खोली तापवून, जाड कपडे घालून सायकल मारतात. आपल्याला एप्रिलमध्ये सकाळी आठचं ऊन पुरे. दुपारी ४३ अंशांत कुणीही बाहेर पडू नका, त्यात शौर्य नाही, उष्माघात आहे.

अडचण डोंगराची नाहीच. शर्यती कमी आहेत. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची, परदेशी संघांसह. आपल्या मुलांनी असा घोळका पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. अशा शर्यती दरवर्षी व्हायला हव्यात आणि त्यांच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत छोट्या दोन-तीन दिवसांच्या शर्यती हव्यात. एकदिवसीय शर्यतीत ताकद कळते, पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तिसऱ्या दिवशी अंग दुखत असताना पळायची सवय लागायला टप्प्यांचीच शर्यत लागते. मोहोळहून पंढरपूर, पंढरपूरहून सोलापूर, सोलापूरहून तुळजापूर, एवढ्यात तीन दिवसांची शर्यत बसते. कुणी मनावर घेणार असेल तर मी रस्ता आखून द्यायला तयार आहे.


प्रश्न : 'किलोमागं सहा वॅट' हे सारखं ऐकतो. पायांची ताकद वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर परवडत नाही. तुळजापूर घाटात स्वतःचा आकडा काढता येईल का? (विडी घरकुल)

उत्तर : येईल, आठवी-नववीचं गणित आहे. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ८० किलो धरा, तुमचं एकट्याचं ६८. समजा तुम्ही १०० मीटर उंची ८ मिनिटांत चढलात. ८० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ७८,४०० ज्यूल काम झालं. भागिले ४८० सेकंद, १६३ वॅट आले. हवा आणि टायरच्या घर्षणासाठी वर १५ ते २० टक्के धरा, म्हणजे १९० च्या आसपास. भागिले ६८. किलोमागं २.८ वॅट. नियमित सायकल चालवणाऱ्या माणसाला हे चांगलंच आहे.

दुसरी सोपी पद्धत म्हणजे ताशी उंची. १०० मीटर ८ मिनिटांत म्हणजे तासाला ७५० मीटर. पोगाचार बेयवर साधारण १२५० मीटर उंची चाळीस मिनिटांत चढला, म्हणजे तासाला १८५० मीटरच्या वर, आणि तेही चार घाट चढून आल्यावर.

उंची मोजायला हवेच्या दाबावर चालणारं घड्याळ असेल तर बरं, नुसत्या जीपीएसची उंची बरीच हलते. सुरुवात आणि शेवट रस्त्यावरच्या पक्क्या खुणांवर धरा, दर वेळी त्याच. आषाढ-श्रावणात वारा नैर्ऋत्येकडून असतो, सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना तो पाठीशी येतो आणि आकडा फुगवतो. म्हणून हिवाळ्यातल्या एखाद्या निवांत सकाळची वेळ खरी धरा. आणि वर सांगितलं तसं, दोनदा चढा.

रस्ता मोठा झाल्यापासून त्यावर ट्रक सुसाट असतात. डाव्या कडेची पांढरी रेघ सोडू नका, मागं लाल दिवा लावा, उतारावर वेळ लावू नका. कोजागरीच्या आसपास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांनी हा रस्ता भरलेला असतो, त्या दिवसांत घाटात सराव बंद. दोन्ही चढांच्या वेळा, वजन आणि तारीख लिहून पाठवलीत तर पुढच्या अंकात सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडू.